न भाजलेला बैल

माती हातात घेण्याआधी थोडा वेळ नुसते बसा. मांडी घालून बसता येत असेल तर जमिनीवर बसा, गुडघे दुखत असतील तर पाटावर किंवा खुर्चीवर. समोर एक लाकडी फळी किंवा घडी घातलेले गोणपाट, वाटीभर पाणी आणि जुन्या लुगड्याचा तुकडा असू द्या. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. पुढचे दीड-दोन तास हात मातीत असतील, तो जवळ असून उपयोग नाही.

आता दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवा आणि त्यांच्याकडे बघा. दिवसभर आपण या हातांकडून कामे करून घेतो, त्यांच्याकडे बघणे मात्र होत नाही. भांडी घासून पडलेली भेग, पेन धरून बोटाला आलेला घट्टा, लहानपणी सायकलवरून पडल्याची खूण. एकेका बोटावरून नजर सावकाश फिरवा. श्वास चालला आहे तसा चालू द्या. तो लांबवायचा नाही, मोजायचाही नाही.

शक्यतो एकटे बसू नका. शेजारच्या काकूंना बोलवा, कामावरून दमून आलेल्या भावाला बसवा, परीक्षेच्या काळजीने गप्प झालेल्या मुलीला तिची इच्छा असेल तर जागा करून द्या. चार-पाच जण पुरेत. सगळ्यांना आधीच सांगून टाका की आज जे होईल ते भाजायचे नाही आणि कपाटात ठेवायचेही नाही. हे ऐकल्यावर बसलेल्या माणसांचे खांदे थोडे खाली येतात. घरी न्यायची वस्तू करायची नाही म्हटल्यावर ती बिघडण्याची भीतीही उरत नाही.

‘मला असले काही जमत नाही’ असे कोणी तरी म्हणेलच. चाकावरचे काम जमायला वर्षे लागतात हे खरे आहे. फिरत्या चाकावर मातीचा गोळा मधोमध स्थिर करणे एवढ्यानेच नवशिक्याचे कितीतरी दिवस जातात. पण हाताने भांडे घडवायला चाक लागत नाही. दाबणे, वळणे, थापटणे या तीन क्रिया येणे पुरेसे आहे, आणि बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला त्या येत नाहीत यावर माझा विश्वास नाही. ज्येष्ठात मातीचा बैल, आषाढातल्या मंगळवारी मातीची गुळ्ळव्वा, श्रावणात नाग, भाद्रपदात शाडूचा गणपती, दिवाळीत किल्ला. आपले निम्मे वर्ष मातीत हात घालण्यात जाते. आणि वर्षभर लागणारी चूल घरातल्या बाईनेच माती, भुसा आणि शेण कालवून घातलेली असे. तिला कोणी कलाकार म्हटले नाही, पण चुलीचा वैल किती अंतरावर ठेवला की जाळ त्याच्याकडे ओढला जातो हे तिच्या हाताला ठाऊक होते.

आता गोळा हातात घ्या. लहान मोसंबे मावेल तशी मूठ धरा, त्यात बसेल एवढाच.

काही करू नका. नुसता धरा. आधी गारवा जाणवेल, मग वजन. काही क्षणांनी गारवा कमी होईल, कारण तुमच्या हाताची ऊब मातीत शिरत असते. या मातीचा विचार करा. बेळगाव शहर तांबड्या जांभ्यावर वसले आहे. निपाणी-चिकोडीकडे गेलात की जमीन काळी होत जाते, तंबाखूला मानवणारी. दोन्हींच्या मुळाशी दख्खनचा काळा खडक आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून वाहून आलेल्या लाव्ह्याचा. ऊन, पाऊस आणि मुळे यांनी तो खडक कुजवला, पाण्याने त्याचे बारीक कण वाहून नेले आणि तळ्यांच्या तळाशी, ओढ्यांच्या वळणांवर आणून ठेवले. कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा खानापूरला वळसा घालून पुढे जाते. त्या खानापूरची माती कुंभारकामाला आणि कौलांना चांगली म्हणून नावाजलेली. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने ग्रामीण कुंभारकामाची आपली मध्यवर्ती प्रशिक्षण संस्था खानापुरात काढली, ती उगाच नव्हे.

चिकणमातीचा कण इतका बारीक असतो की मिलिमीटरचे पाचशे भाग केले तर तो एका भागाहूनही लहान भरेल. आकाराने चपटा असतो. असे असंख्य चपटे कण एकावर एक पडलेले आणि प्रत्येक दोघांच्या मधे पाण्याचा पातळ थर. तुम्ही गोळा दाबता तेव्हा हे कण एकमेकांवरून सरकतात, आणि हात काढल्यावर सरकले तिथेच राहतात. वाळू हे करू शकत नाही, दगडही नाही. दिलेला आकार धरून ठेवणे आणि तरीही पुन्हा बदलायला तयार असणे, हे दोन्ही गुण एकाच वेळी ओल्या चिकणमातीत आहेत. गोळा एकदा हलकेच दाबा आणि हात उघडा. तुमच्या हातावरच्या रेषा त्यावर उमटलेल्या दिसतील. बघा, आणि पुन्हा मुठीत घेऊन त्या पुसून टाका.

मग मळायला घ्या. माती भाकरीच्या पिठाइतकी मऊ हवी. करंगळीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळून पाहा. तडकली तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. बोटांना चिकटली तर थोडा वेळ गोणपाटावर उघडी ठेवा. मळताना तळहाताच्या टाचेने पुढे ढकला, उचला, वळवा, पुन्हा ढकला. पाच मिनिटे तरी हे चालू द्या. मन भरकटेल. उद्याच्या बँकेच्या कामाकडे जाईल, कोणी बोललेल्या शब्दाकडे जाईल. त्याला ओरडून परत आणायची गरज नाही. मातीत एखादा खडा बोटाला टोचला की मन आपोआप परत येते. खडा काढून बाजूला ठेवा आणि पुढे मळत राहा.

माती मळण्याचे नाव निघाले की तेरचे गोरा कुंभार आठवतात. विठ्ठलाच्या नामात दंग होऊन ते पायाने माती तुडवत होते, रांगत आलेले तान्हे मूल त्या चिखलात तुडवले गेले आणि त्यांना कळले नाही, ही कथा आपण लहानपणापासून ऐकली आहे. ती भक्तीचा महिमा सांगण्यासाठी सांगतात, आणि कथेत शेवटी मूल परत मिळते. मला ती ऐकताना दर वेळी त्या आईची हाक आठवते. एखाद्या कामात पूर्ण बुडून जाणे मोठे असेल, पण ज्या बुडण्यात शेजारी कोण आले आहे हेही कळत नाही, ते आज आपल्याला नको आहे. म्हणून मळता मळता एकदा मान वर करा. समोर कोण बसले आहे, ते कसे मळत आहेत, कोणाची माती कोरडी पडली आहे ते बघा. पाण्याची वाटी त्यांच्याकडे सरकवा. मग परत आपल्या मातीकडे या.

आता गोळ्याच्या मधोमध अंगठा टेकवा आणि सावकाश आत घाला. तळाला अर्ध्या इंचाची माती राहिली की थांबा. अंगठा आत, बाकीची बोटे बाहेर. हलकी चिमूट. गोळा थोडा फिरवा. पुन्हा चिमूट. पुन्हा फिरवा. तळापासून सुरू करून फेऱ्याफेऱ्याने वर या. काठाला सर्वांत शेवटी हात लावा.

इथे घाई दिसून येते. काठ लवकर पातळ केला तर तो पसरट होतो, वाळतो आणि त्याला उभ्या चिरा पडतात. चीर पडली तर बोट ओले करून दोन्ही बाजूंची माती एकमेकांकडे ओढून घ्या. खूप पाणी लावू नका. पाण्याने चीर झाकली जाते, पण खालची भिंत ढिली होऊन बसते. थोडे थांबा, भांडे उलटे ठेवून द्या, दोन श्वास घ्या आणि मग पुन्हा हातात घ्या. नवशिक्याला सगळ्यात अवघड जाते ते हे थांबणे. माती थोडी आवळून येईपर्यंत तिच्यावर काहीही करू नये, हे कुंभाराच्या घरातल्या लहान मुलालाही माहीत असते.

पुढचा भाग डोळे मिटून करा.

अंगठा आत, बोटे बाहेर, भांडे फिरते आहे. एका जागी भिंत जाड लागेल, दुसरीकडे पातळ. डोळे उघडे असताना आपण भांडे कसे दिसते ते बघत राहतो. मिटल्यावर ते कसे आहे ते कळते. जाड जागेशी थांबा, तिथे एक चिमूट जास्त द्या. पातळ जागेवरून नुसते बोट फिरवून पुढे जा. कोणी बोलणार नाही. बाहेर रिक्षा जाईल, कुकरची शिट्टी होईल, शेजारच्या माणसाचा श्वास ऐकू येईल. तुमच्या उजव्या अंगठ्याच्या पोटाला या क्षणी काय लागते आहे, एवढेच बघा.

सोळाव्या शतकात क्योतोमध्ये चोजिरो नावाच्या कारागिराने चहागुरू सेन नो रिक्यू यांच्यासाठी राकू पद्धतीचे वाडगे केले. चाक उपलब्ध असूनही ते हाताने घडवलेले होते. त्यांचे काठ थोडे वरखाली आहेत, भिंतीवर हाताच्या दाबाचा उंचसखलपणा राहिलेला आहे. ज्या ओंजळीत वाडगा धरायचा, त्या ओंजळीतच तो तयार झाला, म्हणून तो हातात बसतो. तुमच्या भांड्याचा काठ वाकडा झाला असेल तर तो सरळ करण्याच्या मागे लागू नका. ओंजळीत धरून पाहा.

डोळे उघडा. भांडे खाली ठेवा आणि थोडा वेळ हात मोकळे सोडा.

निपाणीच्या गल्ल्यांमध्ये आजही हजारो बायकांची बोटे दिवसभर चालत असतात. तेंदूच्या पानावर तंबाखूची चिमूट, पान गुंडाळणे, टोक दुमडणे, दोरा. विडीची मजुरी हजारावर मिळते, म्हणून बोट थांबले की मजुरी थांबते. इतकी तरबेज बोटे आणि त्यांना स्वतःच्या मर्जीने काही करायला मोकळा अर्धा तास नाही. मातीकामाचे वर्ग आपल्याकडे शहरात, सुट्टीच्या दिवशी, फी भरू शकणाऱ्यांसाठी भरतात. त्यांना माझा विरोध नाही. पण ज्यांच्या बोटांना खरी विश्रांती हवी आहे त्या बायकांच्या गल्लीत, एखाद्या देवळाच्या पडवीत, मातीचे चार गोळे घेऊन कोणी बसले तर मला जास्त आनंद होईल. तिथे गोळा हातात देताना एवढेच सांगावे, की याचा हिशेब नाही, किती झाले ते कोणी मोजणार नाही. ज्याच्या कामाची रोज मोजदाद होते त्यालाच या वाक्याचे मोल कळेल.

हातांना असे मोकळेपणाने काही करायला मिळाले की काय होते, यावर अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. ३९ प्रौढांना ४५ मिनिटे माती, रंगीत पेन आणि चिकटकामाचे कागद दिले आणि आधी व नंतर त्यांच्या लाळेतले कॉर्टिसॉल मोजले. ताण वाढला की हे संप्रेरक वाढते. सुमारे ७५ टक्के लोकांमध्ये ते कमी झाले. कलेचा सराव असलेल्यांना जास्त फायदा झाला आणि नवख्यांना कमी, असे दिसले नाही. इतक्या लहान अभ्यासावर फार मोठे दावे उभे करू नयेत. मातीने आजार बरा होतो असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. औषध चालू असेल तर ते चालूच ठेवा. ‘मला जमत नाही’ म्हणणाऱ्यांना मात्र त्यातले शेवटचे निरीक्षण जरूर सांगा.

आता दुसरा गोळा घ्या, पहिल्यापेक्षा थोडा मोठा. आपण बैल करणार आहोत.

या भागात ज्येष्ठाच्या पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर असतो. कन्नड घरांत त्याच दिवशी कारहुण्णिमे. त्यानंतरच्या अमावास्येला, मण्णेत्तिन अमावास्येला, मातीच्या बैलांची पूजा होते. पलीकडे कागल-कोल्हापूरकडे महाराष्ट्री बेंदूर आषाढात येतो. ज्याच्या दावणीला बैल नाहीत त्याच्याही घरात त्या दिवशी मातीची जोडी असते. कुंभार ती जोडी घरोघर देई आणि सुपातून धान्य घेऊन जाई. बलुत्याची ती रीत मागे पडली, बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली, तरी जोडी पुजणे थांबलेले नाही. मातीचा बैल करणे फार जुने आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या तिथल्या उत्खननात, तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणबंद पेटी सापडली. पेटीत स्त्रीची मूर्ती, आणि पेटीवर दुसरी एक शिर नसलेली स्त्रीमूर्ती व एक बैल. सगळे कच्च्या, न भाजलेल्या मातीचे. त्या घरातल्या माणसांना भांडी भाजता येत होती. त्यांच्या जोर्वे संस्कृतीची रंगवलेली लाल भांडी प्रसिद्ध आहेत. तरीही या मूर्ती आणि हा बैल त्यांनी भाजले नाहीत. त्यांच्या मनात काय होते ते आपण सांगू शकत नाही, पण बैल घडवताना बोटांना जी हालचाल करावी लागते ती त्यांनी केली होती, आणि आता तुम्ही तीच करणार आहात.

गोळा लांबट करा. चारही पाय त्याच मातीतून खाली ओढून काढा, वेगळे चिकटवू नका. ओढलेला पाय सहसा तुटत नाही, चिकटवलेला वाळताना गळून पडतो. कुठे चिकटवावेच लागले तर दोन्ही बाजूंना काडीने ओरखडे काढा, पातळ चिखल लावा आणि मग दाबा. आता मान वर ओढा. मानेखालची पोळी दोन बोटांत धरून पातळ करा. मग वशिंड. वशिंडाला घाई करू नका, बैल तिथेच ओळखू येतो. खांद्यावर अंगठ्याने मागून पुढे माती सारत न्या, म्हणजे उंचवटा आपोआप उठतो. शेवटी शिंगे, कान, शेपूट.

कोणाचा बैल बुटका होईल, कोणाचा मान खाली घालून उभा राहील. एखाद्याचा पाय दुमडेल आणि तो बसका बैल होईल. हे बैल एका फळीवर शेजारी शेजारी ठेवा आणि सगळे मिळून त्यांच्याकडे बघा. कोणाचा चांगला हे ठरवू नका. दमलेल्या माणसाचा बैल दमलेला दिसतो का, ज्याला खूप बोलायचे होते त्याच्या बैलाची शिंगे लांब झाली का, असल्या गोष्टी मनातच राहू द्या.

आता शेवटचे काम, आणि ते एकट्याने करायचे नाही.

प्रत्येकाने एक वळी करायची. बोटाएवढी जाड, हातभर लांब. दोन्ही तळहातांनी फळीवर मागे-पुढे लोळवत न्या, मधून सुरू करून कडांकडे. मग एकाने मातीची चकती थापून तळ करावा आणि त्यावर प्रत्येकाने आपापली वळी बसवावी. पुढच्याने तुमची वळी आतून बोटाने खाली ओढून सांधायची, तुम्ही तुमच्या आधीच्याची. बोटाचे ठसे आतून राहू देत. भिंत वर चढत जाईल तशी ती डोलू लागेल. तेव्हा एकाने आत हात धरावा आणि दुसऱ्याने बाहेरून फळीने हलके थापटावे. आतला हात स्थिर असेल तरच बाहेरच्या थापेचा उपयोग होतो, नाहीतर भिंत आत बसते. कुंभार हे एकटाच करतो, एका हातात थापटणे आणि दुसऱ्या हातात आतून टेकू देणारा गुंडा. आपल्याला त्यासाठी दोघे लागतील.

चाकाशिवाय मोठमोठी भांडी करण्याची परंपरा जगभर बायकांनी सांभाळली आहे. मणिपूरमधल्या आंद्रो गावच्या बायका चाक न वापरता भांडी घडवतात. नायजेरियाच्या लादी क्वाली वळ्यांवर वळ्या रचून माठ करत आणि त्यांच्याभोवती स्वतः फिरत. त्या देशाच्या वीस नायराच्या नोटेवर त्यांचे चित्र आहे. आपल्याकडे अनेक कुंभार घरांत बाईने चाकाला हात लावायचा नाही असा दंडक होता. तिच्याकडे माती चाळणे, मळणे, थापटणे, गेरू लावणे, भांडी भाजायचा आवा रचायला मदत करणे आणि बाजारात विकणे हे सगळे होते, फक्त चाक नव्हते. म्हणून हाताने केलेल्या भांड्याला मी चाकावरच्या भांड्याची पहिली, सोपी पायरी मानत नाही. हाताने घडवणे ही वेगळी आणि अधिक जुनी विद्या आहे.

वळ्या रचताना बोलणे सुरू होईल, होऊ द्या. आपल्या भागात एका फळीभोवती बसलेल्या पाच जणांत दोन भाषा सहज असतात. शाळा कोणत्या माध्यमाची, पाटी कोणत्या लिपीत, उतारा कोणत्या भाषेत मिळणार, या प्रश्नांनी १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून इथल्या घरांना खूप काही सोसायला लावले आहे. ते प्रश्न खरे आहेत आणि मातीच्या गोळ्याने सुटणार नाहीत. पण शेजारणीने आपली वळी बसवून ‘हिडकोळ्री’, म्हणजे ‘धरा’, म्हटले की तुमचा हात आधीच पुढे झालेला असतो. एका भिंतीला आतून तिचा हात आहे आणि बाहेरून तुमची थाप, अशा वेळी तिच्याबद्दल जे कळते ते भाषणातून कळत नाही.

आणि इथे पुन्हा गोरोबाकाका. त्यांच्या कथेचा दुसरा अर्धा भाग हातांचा आहे. घेतलेली एक शपथ मोडली म्हणून त्यांनी आपले हात तोडून घेतले. कुंभार, आणि हात नाहीत. पुढे पंढरीत नामदेवांच्या कीर्तनात सगळ्यांनी टाळ्यांसाठी हात वर केले, गोरोबांनीही थोटे हात उचलले आणि त्यांना हात फुटले, असे भक्तकथा सांगते. चमत्कार बाजूला ठेवला तरी तो प्रसंग कुठे घडतो ते पाहण्यासारखे आहे. चाकाशी एकटे असताना नाही, देवासमोर एकटे असतानाही नाही. सगळ्यांचे हात वर होते तेव्हा त्यांना त्यांचे हात मिळाले. डोळे मिटून एकदा तो कीर्तनाचा फड मनात आणा. मग डोळे उघडून फळीभोवतीचे हात बघा, कोपरापर्यंत सारखेच राखाडी-तांबडे झालेले. कोणाचे कोणते ते चटकन ओळखू येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य यांच्या संबंधावर ३,००० हून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला, त्यात एकत्र येऊन केलेल्या कलेने एकटेपणा कमी होतो हा मुद्दा ठळकपणे आहे. बेळगावच्या मुलांना हे कोणी सांगावे लागत नाही. दिवाळी जवळ आली की गल्लीगल्लीत दगड, माती, गोणपाट गोळा होते आणि राजहंसगड, पारगड, रायगड उभे राहतात. कोणी बुरूज थापतो, कोणी हळीव पेरतो, कोणी नुसते पाणी आणून देतो. एकट्याने केलेला किल्ला मी या शहरात फारसा पाहिलेला नाही. तुळशीचे लग्न झाले की किल्ला मोडतो, माती परत जाते, आणि पोरांना त्याचे फारसे दुःख नसते. पुढच्या वर्षी दुसरा गड करायचा असतो.

आता हात पुसा. केलेल्या वस्तू सावलीत ठेवा. ऊन लागू देऊ नका. एक बाजू आधी वाळली तर ती आधी आक्रसते आणि ओल्या बाजूला फाडते. ज्येष्ठ-आषाढात हवा दमट असते, सात-आठ दिवस लागतील. रोज जाता-येता बघा. आधी माती गडद असेल, मग कडा फिक्या होतील, मग गालाला लावून पाहिल्यावर गार लागणार नाही. पाणी गेले, कण जवळ आले, बैल थोडा लहान झाला.

मग एखाद्या सकाळी पुन्हा जमा. घमेल्यात पाणी घ्या आणि आपापला बैल हाताने त्यात सोडा.

बघत राहा. पूर्ण सुकलेली माती पाण्यात फार लवकर विरते, अर्धवट ओली मात्र तासन् तास तशीच राहते. बुडबुडे येतील, शिंगे जातील, वशिंड सुटून बसेल, पाय पसरतील. काही मिनिटांत तळाशी गाळ. तो गाळून गोणपाटावर पसरा, दोन दिवसांत ती माती पुन्हा मळण्याजोगी होते. तिच्या गुणात काहीही कमी झालेले नसते. हे पाहताना वाईट वाटले तर वाटू द्या. आपण केलेले सगळे जपून ठेवले पाहिजे ही सवय आपल्याला इतकी लागली आहे की सोडून देण्याचा सराव करायला अशी निरुपद्रवी जागा हवीच. बाजारात साच्यातून काढून रंगवलेले प्लास्टरचे बैलही मिळतात. ते पाण्यात विरघळत नाहीत आणि विहिरीच्या तळाशी तसेच पडून राहतात.

सगळ्यांनी मिळून केलेले ते वळ्यांचे भांडे मात्र एखाद्या वेळी ठेवावेसे वाटेल. तसे वाटले तर पूर्ण वाळू द्या आणि कुंभाराकडे जा. ओल राहिली तर आव्यात तिची वाफ होते आणि भांडे फुटते. सुमारे ६०० अंशांच्या पुढे मातीच्या कणांत बांधलेले पाणीही निघून जाते आणि मग ती कधीच पुन्हा चिखल होत नाही. आव्यात कोणते भांडे कुठे रचायचे, गोवऱ्या किती, वारा कोणत्या बाजूचा, धूर कधी बदलला, हे ज्ञान एका दुपारच्या वर्गात मिळणारे नाही. खानापूर आणि आसपासच्या गावांत ते अजून काही घरांत आहे. प्लास्टिक आणि स्टीलने त्यांची गिऱ्हाइके नेली, तळ्यातली माती काढणे कठीण झाले, आणि उन्हाळ्यातले माठ, संक्रांतीची सुगडी, दिवाळीच्या पणत्या एवढ्यावर त्यांचे वर्ष काढावे लागते. आपण मातीत शांतता शोधायची आणि ज्यांनी ही विद्या पिढ्यान्पिढ्या जपली त्यांच्या दारात जायचेही नाही, हे मला पटत नाही.

म्हणून माती दुकानातून मागवू नका. येत्या बेंदराच्या आधी आपल्या गावच्या किंवा शेजारच्या गावच्या कुंभाराकडे जा, मळलेली माती त्यांच्याकडूनच घ्या, ती कशी मळली ते विचारा, जमले तर त्यांच्या घरातल्या आजींना वर्ग घ्यायला बोलवा, आणि मातीचे, वेळेचे व शिकवण्याचे पैसे घासाघीस न करता द्या.